भाताच्या नावेवर मुक्काम : शिरोळहून कुट्टनाडला

हाऊसबोट म्हटलं की बहुतेक जण एकच रात्र धरतात. दुपारी चढायचं, जेवायचं, फोटो काढायचे आणि दुसऱ्या दिवशी नाश्ता करून उतरायचं. कोल्हापुरातनं जाणाऱ्या टूरसुद्धा तेवढंच देतात. मुन्नार, थेक्कडी, कन्याकुमारीच्या धावपळीत मध्ये एक रात्र पाण्यावर. आम्हाला तसं नको होतं, कारण या वेळी सोबत आबा होते.

आबा म्हणजे माझे वडील. शिरोळ तालुक्यात नदीकाठी आमचा ऊस आहे. बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, कधी घातले, नदीला पाणी किती आलं, मोटर कधी चालू होणार, या हिशोबातच त्यांचा जन्म गेला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी कधीच ओलांडली आणि ती ५५ फुटांच्या वर गेली. तेव्हा आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं गुऱ्हाळाच्या काहिलीत बसवून बाहेर काढली होती. २०२१ ला पुन्हा तेच. त्यानंतर आबा पाण्याविषयी बोलले तर फक्त धास्तीनं. जून लागला की झोप नाही. म्हणून मला त्यांना केरळातला कुट्टनाड दाखवायचा होता, जिथं लोक पाण्याच्या पातळीच्या खाली शेती करतात आणि तरीही तिथंच पिढ्यानपिढ्या राहतात. एका रात्रीत ते दिसलं नसतं.

संक्रांत झाली, ऊस तुटून गेला, रानात काम नव्हतं. निघालो.

रविवार

मिरजेहून पूर्णा एक्सप्रेस. आठवड्यातून एकदाच असते, पण मिरज, बेळगाव, लोंढा, मडगाव असं करत थेट एर्नाकुलमला नेते. गाडी बदलायची नाही, म्हणून आबांसाठी बरी. लोंढ्यानंतर घाट उतरताना दूधसागर दिसला. जानेवारीत त्याला फार पाणी नसतं, पण लेकीनं खिडकी सोडली नाही. दिवसभर खिडकीबाहेर खाड्या आणि पूल, आणि डब्यात भाकरी, खर्डा, शेंगदाण्याची चटणी. या दिवसाचं एवढंच.

सोमवार

एर्नाकुलमहून अलप्पुळा टॅक्सीनं दीडेक तासाचा रस्ता. आपल्याकडं सगळे अजून अलेप्पीच म्हणतात. पुन्नमडा कायलच्या काठाला हाऊसबोटी ओळीनं लागलेल्या असतात. ऑगस्टमध्ये नेहरू ट्रॉफीची शर्यत होते ती याच पाण्यावर. १९५२ साली पंडित नेहरू इथं आले, त्यांच्या स्वागताला सर्पनौकांची शर्यत लावली आणि नंतर त्यांनी चांदीचा चषक पाठवला. शंभराहून जास्त वल्हेकरी एकाच नावेत बसतात हे ऐकल्यावर आबा लगेच सांगलीच्या होड्यांच्या शर्यतींवर आले. कृष्णेच्या त्या शर्यती तरुणपणी त्यांनी काठावर उभं राहून पाहिल्या आहेत.

आमची नाव दोन खोल्यांची, जुनी. मुद्दाम जुनी घेतली होती. आता काचेच्या खिडक्यांच्या, वर मजला चढवलेल्या, पाच-सहा खोल्यांच्या बोटी भरपूर आहेत, पण त्या तरंगती लॉजेस वाटतात. खरी हाऊसबोट म्हणजे केट्टुवळ्ळम, भात वाहणारी नाव. कुट्टनाडातलं भात, नारळ, मसाले कोचीच्या बाजाराला न्यायला ती होती. रस्ते आणि पूल झाले, ट्रक आले, तसं नावांचं काम संपलं. १९९०च्या दशकात त्याच सांगाड्यांवर खोल्या चढवून पर्यटन सुरू झालं.

चालकानं आबांना नावेच्या पोटात नेलं. चालक चाळिशीचा, हिंदी मोडकी पण पुरेशी. फणसाच्याच कुळातल्या आंजिलीच्या लाकडाच्या फळ्या, आणि त्या काथ्याच्या दोरीनं एकमेकींना शिवलेल्या. पारंपरिक नावेत खिळा मारत नाहीत. सांध्यांमध्ये काथ्या ठासायचा आणि वरून काजूच्या टरफलाचं काळं तेल चोपडायचं. आबा खाली बसून दोरीवरून बोट फिरवत राहिले. "चंदगडला काजूच्या कारखान्यात ह्येच काळं त्याल निघतंय. हात भाजतोय त्यानं," ते म्हणाले. वरचं छत बांबूच्या चटईचं, सुपारीच्या कमानींवर बांधलेलं. मागे छोटं स्वयंपाकघर, पुढं उघडी बैठक, वेताच्या खुर्च्या. चालक, इंजीनवाला आणि आचारी अशी तीन माणसं. बायकोनं सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. आचाऱ्यानं आबांच्या पायाला हात लावला आणि त्या घडीपासून आबा नावेवर सगळ्यांचे अप्पूप्पन, म्हणजे आजोबा, झाले. लेकीनंही तेच उचललं.

जेवायला जाड लालसर भात, सांबार, नारळ घातलेली कोबीची कोरडी भाजी (तिला तोरण म्हणतात) आणि केळीच्या पानात भाजलेला करीमीन. आबांनी मासा पूर्ण संपवला, भातावर मात्र नाराज. "ह्याला दात पायजेत," म्हणाले. नाव कैनकरीच्या बाजूला निघाली.

दुतर्फा घरं. घर, समोर पाच पावलांची वाट, आणि वाट संपली की पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. त्या पायऱ्यांवर बाया भांडी घासतात, मुलं दात घासतात, म्हातारे गळ टाकून बसतात. सुरुवातीला आम्हीही मोबाईल काढून बसलो होतो. मग बायको म्हणाली, "आपल्या मोरीसमोरनं दिवसभर असे लोक फोटो काढत गेले तर?" फोन आत गेले. हे मला अगदी मनापासून सांगायचं आहे. कुट्टनाडला जाणाऱ्यानं डोळे भरून बघावं, पण त्या पायऱ्या लोकांच्या घराचा भाग आहेत.

साडेपाचच्या सुमाराला नाव एका बांधाला लावली. संध्याकाळनंतर हाऊसबोटी फिरत नाहीत, कारण तेव्हा मच्छीमार जाळी टाकतात. हा नियम फार चांगला आहे. इंजीन थांबलं आणि पहिल्यांदा नावेचा स्वतःचा आवाज ऐकू आला. काठावरून विजेची वायर घेतली, त्यामुळं रात्री जनरेटरची धडधड नव्हती. बोट ठरवताना हे आवर्जून विचारा. डास भरपूर, मच्छरदाणी पक्की होती.

मंगळवार

पहाटे आबा उठून बांधावर गेलेले. मी मागोमाग गेलो तर ते मध्यावर उभे. एकदा डावीकडं बघतायत, एकदा उजवीकडं. डावीकडं आमची नाव तरंगतेय ती नदी, बांधाच्या काठापासून हातभर खाली. उजवीकडं भाताचं हिरवंगार रान, आणि ते नदीच्या पाण्यापेक्षा पुरुषभर तरी खोल.

"आरं, नदी वर आन् रान खाली?"

कुट्टनाडातली बरीच जमीन समुद्रसपाटीपेक्षा एक-दोन मीटर खाली आहे. ही सगळी जमीन निसर्गानं दिलेली नाही, मोठा भाग माणसांनी वेंबनाड सरोवरातून आणि नदीमुखाच्या दलदलीतून काढलाय. पाण्यात नारळाची खोडं आणि बांबू ठोकायचे, बुड्या मारून तळातला चिखल वर काढायचा, त्याचं रिंगण बांधायचं आणि आतलं पाणी उपसायचं. सगळ्यात मोठी काही रिंगणं १९४०च्या दशकात, अन्नटंचाईच्या काळात बांधली गेली. बुड्या मारून चिखल काढणारी माणसं प्रामुख्यानं दलित शेतमजूर होती. ज्या जमिनीसाठी त्यांनी छाती फोडली, ती त्यांच्या नावावर मात्र झाली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेनं २०१३ मध्ये कुट्टनाडच्या शेतीला जागतिक महत्त्वाच्या वारशाचा मान दिला. त्या मानात या मजुरांचा वाटा पहिला धरायला हवा, असं मला वाटतं.

बांधावरच एक शेतकरी भेटले, आबांच्याच वयाचे, कमरेला मुंडू खोचलेला. चालकाला दुभाष्या केला. मग तास-दीड तास दोघांनी आम्हाला विसरून गप्पा मारल्या. पावसाळ्यात ही रानं पाण्याखालीच असतात. पाऊस ओसरला की पंप लावून पाणी बाहेर काढायचं, नोव्हेंबर-डिसेंबरात भात पेरायचं, मार्चच्या आसपास कापायचं. एका रिंगणातल्या सगळ्या शेतकऱ्यांची मिळून एक समिती असते. एकट्यानं स्वतःचं रान कोरडं करता येत नाही. उपसायचं तर सगळ्यांनी एकदम, पेरायचं तरी साधारण एकदम.

पंपघर बघायला गेलो. लाकडी पेटी, त्याला जोडलेला उभा लाकडी पिंप, आत पंखा, वर मोटर. पेट्टी-परा म्हणतात त्याला. पाणी फार उंच चढवत नाही, पण प्रचंड प्रमाणात ढकलतो. अनेक ठिकाणी आता नवे पंप बसवलेत, इथं जुनाच होता. आबांनी मोटर किती अश्वशक्तीची, वीजबिल कोण भरतं, वायंडिंग जळलं तर काय, असं सगळं विचारलं. ते आमच्या गावच्या उपसा पाणीपुरवठा संस्थेचे जुने सभासद, त्यामुळं प्रश्न सगळे नेमके. शेवटी मोटरवर हात ठेवून म्हणाले, "आपल्याकडं नदीतनं पानी वर वढायचं आन् रानाला द्यायचं. हितं रानातलं उपसायचं आन् नदीत टाकायचं. उलटा कारभार हाय, पर मोटर तीच की रं!"

पीक कुणाला घालता, असं विचारल्यावर ते शेतकरी म्हणाले की भात सरकारी खरेदीत जातं, पण पैसे यायला महिने लागतात. चालकानं हिंदीत सांगायच्या आधीच आबांना कळलं. "बिल थकलंय म्हनत्यात न्हवं?" उसाच्या बिलाची वाट बघण्यात त्यांचीही उमर गेली आहे.

मग बोलणं पुरावर आलं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये केरळला जो महापूर आला, त्यात कुट्टनाड जवळजवळ रिकामं करावं लागलं होतं. समुद्रावरचे मच्छीमार आपल्या होड्या घेऊन आले, हाऊसबोटीही माणसं वाहायला लागल्या. त्या शेतकऱ्यांनी छातीपाशी आडवा हात धरून घरातलं पाणी दाखवलं. आबांनी स्वतःच्या गळ्यापाशी हात धरला. दुभाष्याची गरज पडली नाही.

या रानाची खरी भीती बांध फुटण्याची असते. एका जागी भगदाड पडलं की अख्खं रिंगण एका रात्रीत बुडतं. म्हणून पावसापाण्यात आणि भरती मोठी असताना समितीची माणसं बांधावरनं फिरत राहतात. हाऊसबोटींच्या लाटांनीही काठ झिजतो, हे त्यांनी तक्रारीच्या सुरात नाही पण स्पष्ट सांगितलं. परत नावेवर आल्यावर मी चालकाला अरुंद कालव्यात वेग कमी ठेवायला सांगितलं. त्यानं लगेच ऐकलं. प्रवाशानं सांगितलं तर ते ऐकतात. आपण लवकर पोचायची घाई करायची नाही, एवढंच आपलं काम.

दुपारनंतर नेडुमुडीवरून पंबा नदीनं चंपक्कुळमला. सेंट मेरीचं जुनं चर्च घाटाला लागूनच आहे. आतल्या लाकडी छतावरची रंगीत चित्रं बघण्यासारखी. मुक्काम तिथंच.

बुधवार

वेंबनाड. इतके दिवस कालव्यातून चाललेली नाव उघड्यावर आली आणि समोरचा काठच दिसेना. सुमारे ९६ किलोमीटर लांबीचं हे सरोवर, २००२ पासून पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतलं. वारा होता, नाव चांगली हलत होती. बायकोला थोडं गरगरलं. आचाऱ्यानं लिंबू-मीठ दिलं आणि नजर लांब काठावर ठेवायला सांगितली. उजवीकडं आर ब्लॉक नावाचं भातशेतीचं रिंगण लांबवर पसरलेलं. पातिरामणल बेट आम्ही लांबूनच पाहिलं. झाडी एवढी दाट की आत माणूस वस्तीला नाही हे पटतं. पाणकावळे खांबांवर पंख पसरून उभे, डोक्यावर ब्राह्मणी घारी.

कुमरकोमच्या बाजूला नाव लावली आणि आबांच्या हट्टासाठी रिक्षा करून तण्णीरमुक्कमचा बंधारा बघायला गेलो. हा मला या सहलीतला सगळ्यात विचारात पाडणारा भाग वाटला. उन्हाळ्यात नद्यांचं पाणी कमी होतं, तसं समुद्राचं खारं पाणी सरोवरातून आत सरकतं आणि भात जळतं. ते अडवायला १९७०च्या दशकात सरोवराला आडवा बंधारा घातला. साधारण डिसेंबरच्या मध्याला दारं बंद करतात, कापणीच्या सुमाराला उघडतात. आपले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पावसाळा संपला की बरगे घालून गोडं पाणी आत धरतात. हा बंधारा खारं पाणी बाहेर धरतो.

पण याची किंमत आहे. खाऱ्या-गोड्या पाण्यातनं ये-जा करणारे मासे आणि कोळंबी अडली, मच्छीमारांची मिळकत घटली. दारं बंद असताना आतलं पाणी साचून राहतं, त्यात शेतातली खतं-औषधं उतरतात, जलपर्णी माजते. शेतकऱ्याला दारं आणखी थोडे दिवस बंद हवी असतात, मच्छीमाराला लवकर उघडी. दोघंही खरे आहेत. आबा शेतकऱ्याच्या बाजूनं बोलतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "पानी फिरलं पायजे. थांबलं की सडतंय. पंचगंगा बगतोस न्हवं."

बघतो. इचलकरंजीच्या खाली नदीला फेस आणि मेलेल्या माशांचे थर आम्ही बघत आलोय, जलपर्णीनं भरलेलं पात्रही. त्यामुळं संध्याकाळी मी चालकाला सरळ विचारलं, की संडासाची टाकी कुठं रिकामी करता? तो टाळाटाळ न करता बोलला. टाकी आहे, शहराच्या काठाला ती उपसून घ्यायची सोय आहे, पण सगळ्या बोटी तिथपर्यंत जातातच असं नाही. पाण्यावर डिझेलचा तवंगही आम्ही रोज बघत होतो. ज्या पाण्यावर राहायचे पैसे आपण मोजतो, त्या पाण्याची ही चौकशी प्रत्येकानं बोट ठरवतानाच करायला हवी. गिऱ्हाईक विचारायला लागलं की मालक बदलतात. आम्ही साबण-शांपू जपून वापरला, ओला-सुका कचरा वेगळा करून शेवटी काठावर दिला.

रात्रीचं जेवण या सहलीचा मानबिंदू. बायकोनं घरची कांदा-लसूण चटणी आणली होती. दोन दिवस तिची आणि आचाऱ्याची स्वयंपाकघरात देवाणघेवाण चाललेली. त्यानं कुमरकोमच्या बाजारातनं मटण आणलं. मग त्या अरुंद जागेत, दोन शेगड्यांवर, तांबडा आणि पांढरा रस्सा झाला. पांढऱ्याला नारळाचं दूध लागतं आणि नारळाला इथं तोटा नाही. आचारी प्रत्येक पायरीला थांबवून विचारत होता. खसखस मिळाली नाही, तीळ आणि काजू वाटून घातले. पांढरा रस्सा चाखल्यावर तो हसून म्हणाला की हा आमच्या इष्टूचा, म्हणजे नारळाच्या दुधातल्या स्ट्यूचा, भाऊ आहे. तांबड्याचा पहिला घोट घेतला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी वाटी संपवून दुसरी मागितली. त्यानं बदकाचं रोस्ट केलं होतं, भरपूर मिरी घालून. नावेवरच्या सगळ्यांनी एकत्र बसून जेवण केलं. आबांनी लाल भात त्या रात्री दोनदा घेतला, रस्सा कालवून.

गुरुवार

सकाळी अलप्पुळ्याला उतरलो. लेक उतरायला तयार नव्हती, इंजीनवाल्यानं तिला नारळाच्या पात्याची पिपाणी करून दिली तेव्हा उतरली.

कोट्टयमपर्यंत टॅक्सी न करता राज्य जलवाहतूक विभागाची बोट घेतली. हे प्रत्येकानं करावं. अडीच तासांचा रस्ता, तिकीट अगदी किरकोळ. आपल्या एसटीनं जावं तसे लोक जेट्टी-जेट्टीवर चढत-उतरत होते. शाळेची मुलं, भाजीच्या टोपल्या, दवाखान्याला निघालेली म्हातारी. कोट्टयम जवळ आल्यावर कालव्यावर उचलायचे पूल लागतात. बोट आली की पूल वर जातो. हाऊसबोटीवर आम्ही पाहुणे होतो. या बोटीत आमच्याकडं कुणी वळूनही बघितलं नाही, आणि आबांना तेच फार आवडलं. शेजारच्या माणसाशी खुणांनी बोलत त्यांनी भाताचा एकरी उतारा काढून घेतला.

जाणाऱ्यांसाठी थोडं. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली आणि रानं हिरवी. नाताळाच्या आसपास भाडं वाढतं आणि गर्दीही, ते टाळा. बोट काठावर जाऊन बघून ठरवली तर उत्तम. छोटी, जुन्या बांधणीची घ्या. निदान दोन रात्री राहा, आणि एक सकाळ बांधावर चालण्यासाठी मोकळी ठेवा. म्हातारं माणूस बरोबर असेल तर चढायची फळी रुंद आहे का बघा. आमची अरुंद होती, पण तिघेही आबांना हात द्यायला हजर असायचे.

परतीला मडगावपर्यंत रेल्वे, पुढं एसटी. कोट्टयम स्टेशनवर गाडीला वेळ होता. आबांनी माझ्याकडनं फोन मागून घेतला आणि संस्थेच्या सेक्रेटरींना लावला. फलाटावरचे लोक वळून बघतील एवढ्या मोठ्यानं बोलत होते.

"आरं, मी केरळातनं बोलतोय. व्हय, बरा हाय. ऐक, मे म्हैन्यात मीटिंग लाव. पावसाच्या आदी नदीकडचा बांध सगळ्यांनी मिळून चालून बघायचा, दर सालाला. एकरी वर्गणी काढायची, जाकवेलचं आन् बांधाचं काम एकदम करायचं. हितली मानसं करत्यात... न्हाय न्हाय, मी सांगतो आल्यावर सगळं. आन् मोटरचं वायंडिंग बगून ठेव."